बँड ठळक म्हणजे बीटी जास्त? पीसीआरनंतर नेमकं काय मोजायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला समजलं तसं थोडक्यात मांडते, चुकलं असेल तर सांगा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तुम्ही एम.एस्सी. करता. आठ शेतकऱ्यांकडून कपाशीचं बियाणं आणलंत, काही पाकिटातलं, काही घरची सरकी, काही कुणाकडून सुटं घेतलेलं. प्रत्येकाचे वीस दाणे एकत्र कुटून डीएनए काढला आणि क्राय-१-एसी या बीटी जनुकासाठी (बोंडअळीला मारणारं प्रथिन बनवणारं जनुक) ३५ चक्रांचा पीसीआर लावला, म्हणजे त्या जनुकाचा तुकडा चक्रागणिक दुप्पट करत वाढवला. जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे विजेने लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, पाच नमुन्यांचे बँड (डीएनएचे पट्टे) ठळक आले, तिघांचे फिके. मग नळीतलाच एक थेंब नॅनोड्रॉप या डीएनए मोजायच्या यंत्रावर ठेवला, तर सगळ्यांचे आकडे ४०० ते ४४० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. सगळ्यांत मोठा आकडा, ४३८, आला तो डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नळीचा! तुमचे मार्गदर्शक म्हणतात की ठळक बँड म्हणजे बीटीचं प्रमाण जास्त, तसं लिहून टाका. आणि तुम्ही विचारता की यंत्र बिघडलंय का, आणि रिअल-टाइम पीसीआरसाठी नागपूरला चकरा माराव्या का.

यंत्र ठीक आहे. नागपूरला जाऊन हा प्रश्न सुटणार नाही. दोन्ही का, ते सविस्तर सांगते. मी एकोणीस वर्षं पिकांच्या डीएनएवर काम करते, त्यातली बरीच कपाशीवर गेली, आणि नेमका हाच गोंधळ सुरुवातीला मीही केला होता.

पीसीआर झाल्यावर नळीबद्दल तीन वेगळे प्रश्न विचारता येतात. डीएनए तयार झाला का? झाला तो हवा तोच आहे का? आणि सुरुवातीला नमुन्यात तो किती होता? यांची उत्तरं वेगवेगळ्या साधनांकडे असतात. तुम्ही पहिल्या प्रश्नाचं साधन तिसऱ्या प्रश्नाला लावलं, आणि नॅनोड्रॉप तर यातल्या एकाही प्रश्नाला लागू पडत नाही.

आधी तो ४३८. नॅनोड्रॉप हे यंत्र २६० नॅनोमीटरचा प्रकाश थेंबातून पाठवतं आणि किती शोषला गेला ते बघतं. शोषण १ आलं तर दुपदरी डीएनए ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, असा ठरलेला हिशेब आहे. पण हा प्रकाश शोषतात ते डीएनएमधले बेस. ते साखळीत गुंफलेले असोत की सुटे असोत, यंत्राला फरक कळत नाही. तुमच्या मिश्रणात चार डीएनटीपी, म्हणजे डीएनएच्या सुट्या विटा, नेहमीच्या कृतीप्रमाणे प्रत्येकी २०० मायक्रोमोलर घातले असतील. म्हणजे एकूण ८०० मायक्रोमोलर सुटे न्यूक्लिओटाइड. त्यांचं शोषण साधारण साडेआठ येतं. त्याला ५० ने गुणा: ४२५ च्या आसपास. तुमच्या पाण्याच्या नळीचा आकडा इथूनच आला. एक तुकडाही तयार झालेला नसताना!

आता ठळक बँडवाल्या नळीचा आकडा पाण्यापेक्षा कमी का? सुटे बेस दुपदरी साखळीत बसले की एकमेकांवर रचले जातात आणि प्रकाश कमी शोषतात. म्हणजे जितका डीएनए जास्त तयार झाला, तितका आकडा थोडा खाली उतरतो. तुमच्या वहीत ४०० आणि ४३८ आहेत ना, ते अगदी बरोबर आहेत. तुम्ही नीट मोजलंत, फक्त मोजलं ते उरलेलं खाद्य. शिवाय तुमचा बफर हिरव्या किंवा लाल रंगाचा असेल, थेट जेलमध्ये ओतता येणारा, तर तो रंगही आपली भर घालतो. नॅनोड्रॉप वापरायचाच असेल तर आधी कॉलमवर शुद्धीकरण करून डीएनटीपी आणि प्राइमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) धुऊन काढा, मगच मोजा. तेव्हा साधारण २० ते ८० चा आकडा दिसेल आणि तो खरा असेल.

शुद्धीकरण न करता मोजायचं असेल तर क्यूबिटसारखं चमक मोजणारं यंत्र बरं. त्यातला रंग दुपदरी डीएनएला चिकटला तरच चमकतो, सुट्या न्यूक्लिओटाइडकडे तो बघतही नाही. पण प्राइमर एकमेकांना चिकटून बनलेले छोटे तुकडे, ज्यांना आपण प्राइमर-डायमर म्हणतो, तेही दुपदरी असतात, म्हणून तेही मोजले जातात. हवा तोच तुकडा आहे का, हे या यंत्राला सांगता येत नाही. ते जेलच सांगतं. म्हणून जेल सोडू नका. जुनी पद्धत आहे म्हणून तिला कमी लेखणारे भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

जेलबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आपल्याकडे कामाचा खरा कणा तोच आहे. इथिडियम ब्रोमाइडच्या रंगात साधारण १ ते ५ नॅनोग्रॅमचा बँड डोळ्याला दिसतो. त्याहून कमी असेल तर दिसत नाही, म्हणून 'बँड नाही' आणि 'डीएनए नाही' यांत फरक ठेवा. शेजारी लॅडर, म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांचं मिश्रण, हवाच. लॅडरच्या माहितीपत्रकात कोणत्या बँडमध्ये किती नॅनोग्रॅम आहे ते दिलेलं असतं. तुमचं उत्पादन दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून ओता आणि लॅडरच्या जवळच्या लांबीच्या बँडशी चमक जुळवा. तयार झालेल्या डीएनएचा ढोबळ अंदाज येतो, पुढच्या कामाला तेवढा पुरतो.

तुम्ही जेल ओतला तो मे महिन्यात, असं लिहिलंय. साधं अगारोज ३६ अंशांच्या आसपास घट्ट होतं. आपल्या खोलीचं तापमान दुपारी ४२ असतं! जेल जमल्यासारखा दिसतो, पण आतून पिठल्यासारखा राहतो. कंगवा काढताना खाचा फाटतात, नमुना खाली गळतो, बँड फिका दिसतो. तुमच्या तीन फिक्या नमुन्यांपैकी एखादा असा तर नाही ना, ते आधी बघा. द्रावण ६० अंशांपर्यंत निवू द्या, ओता, थोडं थिजलं की ट्रे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बफरही फ्रिजमधला गार घ्या आणि दोन इलेक्ट्रोडमधल्या अंतराच्या दर सेंटिमीटरला ५ व्होल्टच्या वर जाऊ नका, नाहीतर जेल मधोमध तापतो आणि बँड हसऱ्या तोंडासारखे वाकतात. मध्येच लाइट गेली तर वेळ लिहून ठेवा. वीज नसताना बँड पसरतात, आणि पसरलेला बँड फिकाच दिसतो.

आता मुख्य गोष्ट. ठळक बँड म्हणजे सुरुवातीला जास्त बीटी, हे ३५ चक्रांनंतर का म्हणता येत नाही?

हिशेब करून बघू. कपाशीच्या एका जीनोमसंचाचं (म्हणजे एका पालकाकडून आलेल्या सगळ्या डीएनएचं) वजन साधारण अडीच पिकोग्रॅम. तुम्ही ५० नॅनोग्रॅम डीएनए घातला म्हणजे सुमारे २०,००० संच. संकरित बियाण्यात बीटी जनुक साधारणपणे एकाच पालकाकडून आलेलं असतं, म्हणजे अर्ध्या संचांत, १०,००० प्रती. दर चक्राला दुप्पट धरलं तर २७-२८ चक्रांत या प्रती इतक्या वाढतात की २५ मायक्रोलिटरमध्ये ५०० नॅनोग्रॅम उत्पादन होतं. इथे प्राइमर, डीएनटीपी आणि एन्झाइम यांचा दम सरू लागतो, वाढ सपाट होते. उरलेल्या सात-आठ चक्रांत मागे राहिलेला नमुना पुढे गेलेल्याला गाठतो. तळं भरून सांडव्यावर आलं की ओढा मोठा होता की नाला होता, हे पाण्याच्या पातळीवरून सांगता येत नाही, तसं. तेच तळं भरायला किती दिवस लागले हे माहीत असेल तर मात्र सांगता येतं.

रिअल-टाइम पीसीआर नेमके हे दिवस मोजतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रसेल हिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू पीसीआरच्या नळ्यांमध्ये इथिडियम ब्रोमाइड घालून वर कॅमेरा लावला आणि चमक कोणत्या चक्रात वाढायला लागते ते पाहिलं. आजचं यंत्र हेच करतं, फक्त रंग बदलले. चमक ठरावीक रेषा ओलांडते ते चक्र म्हणजे सीटी. सुरुवातीचा डीएनए दहापट कमी असेल तर सीटी ३.३२ चक्रांनी उशिरा येते. प्रमाणित डीएनए दहा-दहापट पातळ करून काढलेल्या रेषेचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६ मध्ये असेल तर अभिक्रिया ठीक चालली असं मानतात. सायबर ग्रीन रंग वापरला तर शेवटी मेल्ट कर्व्ह (तापवताना तुकडा कोणत्या तापमानाला सुटा होतो त्याचा आलेख) बघायचाच, कारण तो रंगही प्राइमर-डायमरला चिकटतो. टॅकमॅन प्रोब, म्हणजे फक्त हव्या त्या तुकड्यालाच चिकटणारा चमकता धागा, वापरला तर तो त्रास कमी, पण खर्च जास्त.

मग नागपूरला जाऊ नका असं का म्हणते? तुमचा खरा प्रश्न काय आहे ते आठवा. पाकिटातलं बियाणं आणि घरची सरकी यांत बीटीचं प्रमाण किती? आता पाकिटात, अळीला बीटीची सवय लागू नये म्हणून, मुद्दामच किमान ५ टक्के बिगर-बीटी दाणे मिसळलेले असतात. पूर्वी बिगर-बीटी दाण्यांची १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची आणि ती बहुतेकांच्या धुऱ्यावरही पेरली जात नव्हती, म्हणून हा बदल झाला. म्हणजे चांगल्या पाकिटात जास्तीत जास्त ९५ टक्के बीटी. घरची सरकी संकरित झाडाची असेल तर पुढच्या पिढीत जनुक फुटतं, चारांपैकी साधारण तीन दाण्यांत ते राहतं, म्हणजे ७५ टक्के. आता ९५ आणि ७५ मधला फरक सीटीमध्ये किती? ०.३४ चक्र. एकाच नमुन्याच्या तीन नळ्या लावल्या तरी त्यांच्यात ०.२-०.३ चा फरक सहज पडतो. कपाशीच्या स्वतःच्या जनुकाशी तुलना करूनही, चांगला हात आणि बऱ्याच नळ्या असल्याशिवाय हा फरक धरता येत नाही. शिवाय घरच्या सरकीत काही दाण्यांना जनुकाच्या दोन प्रती मिळालेल्या असतात, तेव्हा प्रतींची संख्या आणि दाण्यांची संख्या एक राहत नाही. तुम्ही शंभर-दीडशे किलोमीटर एसटीने जाऊन, महागडे रिएजंट वापरून एक अशी संख्या आणाल जिच्यावर उभं राहता येणार नाही.

त्यापेक्षा दाणे मोजा. एक-एक दाणा वेगळा तपासा आणि हो किंवा नाही लिहा. चाळीस दाण्यांत पाकिटातले ३८ च्या आसपास 'हो' येतील, घरच्या सरकीचे ३० च्या आसपास. हा फरक कुणालाही दाखवता येतो. दाणे वाढवले की खात्री वाढते. ५ टक्के बिगर-बीटी असलेल्या ढिगातून निदान एक तरी बिगर-बीटी दाणा सापडावा अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर ५९ दाणे लागतात. शंभरांत पाच मिळाले, तरी खरं प्रमाण दीड ते अकरा टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतं, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. परीक्षकाला ते आवडेल, आणि खरं तर तेच बरोबर आहे.

डिजिटल पीसीआर हे महागडं तंत्रही आतून असंच आहे. त्यात नमुना सुमारे वीस हजार बारीक थेंबांत वाटतात आणि किती थेंब उजळले, किती विझलेले राहिले ते मोजतात. तुमच्याकडे निसर्गाने आधीच वाटून दिलेले थेंब आहेत, सरकीचे दाणे. ते तुम्ही कुटून एकत्र केलेत. माझ्या मते तुमच्या प्रयोगातली खरी चूक एवढीच आहे.

एक-एक दाण्याला पीसीआर परवडत नसेल तर आधी पट्टी-चाचणी करा. दाणा बफरमध्ये कुटून पट्टी बुडवायची, दोन रेघा आल्या तर बीटी प्रथिन आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी ओळखण्याच्या अशा चाचण्या विकसित केल्या आहेत. ही चाचणी प्रथिन बघते, डीएनए नाही. म्हणून ज्या दाण्यांना पट्टी 'नाही' म्हणेल तेवढ्यांचाच पीसीआर करा. काम बरंच कमी होईल. दाण्याचं टरफल सोलून आतला मगज घ्या. टरफल आईच्या झाडाचं असतं, मगज त्या दाण्याचा स्वतःचा. आई बिगर-बीटी असलेल्या संकरात टरफल तुम्हाला फसवू शकतं.

आणि 'नाही' लिहिण्याआधी नळीत डीएनए होता आणि पीसीआर चालू शकत होता, हे सिद्ध करायला हवं. यासाठी कपाशीचं स्वतःचं जनुक, सहसा सॅड-१, त्याच डीएनएवर वेगळ्या नळीत चालवा. ते आलं आणि क्राय आलं नाही, तरच 'नाही'. दोन्ही नाही आले तर तो दाणा बाद. माझ्या अंदाजाने तुमच्या तीन फिक्या नमुन्यांचं कारण इथेच असावं. कपाशीत पॉलिफेनॉल आणि चिकट पॉलिसॅकराइड भरपूर असतात. तपकिरी रंगाचा डीएनए मिळाला असेल, २६०/२३० चं गुणोत्तर (नॅनोड्रॉपवर दिसणारी डीएनएच्या शुद्धतेची खूण) १ च्या खाली असेल, तर एन्झाइमचा श्वास कोंडलेला आहे. डीएनए काढायच्या सीटॅब बफरमध्ये पीव्हीपी आणि मरकॅप्टोइथेनॉल घाला, क्लोरोफॉर्मने एकदा जास्त धुवा. सगळ्यांत सोपी परीक्षा म्हणजे तोच डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर बँड ठळक झाला तर बीटी कमी नव्हतं, अडथळा जास्त होता. ही परीक्षा आजच करता येईल, काही नवं विकत घ्यावं लागणार नाही.

पाण्याच्या नळीत जेलवर बँड आला का, हे तुम्ही लिहिलं नाही. तिच्यात नमुना घातलेलाच नाही, म्हणजे बँड आला तर डीएनए बाहेरून शिरलाय. हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून माझा एक अनुभव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत उन्हाळ्यात आमच्या सगळ्या पाण्याच्या नळ्यांत बँड यायला लागले. प्राइमर बदलले, पाणी बदललं, पिपेट धुतले. तीन आठवडे गेले, आणि त्या काळात आलेल्या नमुन्यांचे निकाल आम्हाला थांबवावे लागले. कारण सापडलं ते कूलर. जेलच्या खोलीत खिडकीला लावलेला मोठा कूलर मधल्या दारातून पीसीआर मांडण्याच्या टेबलावर वारा टाकत होता. ३०० बेसच्या तुकड्याच्या १ नॅनोग्रॅममध्ये ३०० कोटी प्रती असतात. ठळक बँड देणाऱ्या नळीचं झाकण उघडताना उडालेला, एका मायक्रोलिटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा तुषार म्हणजे सुमारे ६०,००० प्रती. तुमच्या खऱ्या नमुन्यात होत्या १०,०००. वारा टेबलावर काय आणून टाकत होता, याचा विचार करा.

म्हणून कितीही उकाडा असला तरी पीसीआर मांडताना कूलर आणि पंखा बंद. मांडणीची जागा एकीकडे, जेल दुसरीकडे, आणि दिवसभरात माणूस, वही, पिपेट फक्त मांडणीकडून जेलकडे जाईल, उलटा नाही. टेबल ताज्या पातळ ब्लीचने पुसा. तालुक्याच्या दवाखान्यांत क्षयासाठी वापरतात ती ट्रूनॅट किंवा जीनएक्स्पर्टसारखी यंत्रं साध्या खोलीत चालतात, त्याचं एक मोठं कारण म्हणजे वाढलेला डीएनए चिपमध्ये किंवा कार्ट्रिजमध्येच बंद राहतो, कुणी झाकण उघडत नाही. जेलसाठी आपल्याला ते उघडावंच लागतं, म्हणून शिस्त आपण पाळायची.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. शेतकऱ्यांना फक्त 'बीटी आहे की नाही' सांगायचं असेल तर एकत्र कुटलेल्या नमुन्याचा साधा पीसीआर आणि जेल पुरे. प्रमाण सांगायचं असेल तर दाणे वेगळे. पैसे पट्ट्यांनाही नसतील तर आठही नमुने घेण्यापेक्षा तीन घ्या, पण प्रत्येकाचे चाळीस दाणे करा. आणि मार्गदर्शकांशी वाद न घालता एक प्रयोग दाखवा. एका ठळक नमुन्याचा डीएनए चौपट पातळ करा, पातळ आणि न पातळ दोन्ही लावा, आणि २२, २५, २८ व ३५ चक्रांना एक-एक नळी बाहेर काढून एकाच जेलवर चालवा. सुरुवातीच्या चक्रांत फरक दिसेल, ३५ ला दोघंही जवळजवळ सारखे. सर स्वतःच बघतील.

या निकालावर शेतकरी बियाणं चांगलं की फसवं हे ठरवणार आहे, हंगाम त्याचा जाणार आहे. म्हणून तोपर्यंत त्यांना 'तुमच्या बियाण्यात बीटी कमी आहे' असं सांगू नका. ज्या तिघांचे बँड फिके आले त्यांना तर मुळीच नाही.

दहापट पातळ केलेल्याचा आणि सॅड-१ चा जेल झाला की फोटो टाका. कापलेला नको, वरच्या खाचांपासून खालच्या निळ्या रंगापर्यंत पूर्ण, लॅडर आणि पाण्याच्या नळीसकट. बघून सांगते.